टाकीतल्या नव्या जिवांना उजेडाची सवय

शोभिवंत माशांचा व्यवसाय करणाऱ्या आपल्या गटांसाठी आजचं बोलणं आहे. पाणी, खाणं, रोग यांवर प्रशिक्षणात पुष्कळ सांगतात. टाकीवरच्या दिव्याबद्दल मात्र कुणी फारसं सांगत नाही. दिवा म्हणजे शोभा, मासे छान दिसावेत म्हणून लावायचा, एवढंच आपल्या डोक्यात असतं. म्हणून आज बोलायचं ते उजेडाबद्दलच.

विषय घ्यायचं कारणही सांगते. गटांच्या बैठकीत एक तक्रार पुन्हा पुन्हा कानावर येते. नवे मासे आणले, पहिले दोन दिवस बरे गेले, मग एकेक मरायला लागला आणि आठवड्यात निम्मे संपले. नुकसान पैशाचं तर आहेच, कर्जाचा हप्ता काही मासे बघून थांबत नाही. पण त्याहून वाईट पुढे होतं. ज्या बाईची त्या दिवशी टाकीवर पाळी होती तिच्याकडे बोट जातं. “तिच्या हाताला गुण नाही”, “तिची पाळी आली की मासे मरतात.” एका गटात तर एका ताईला टाकीजवळ येऊच नको असं सांगितलं गेलं. त्या ताई पुढे बैठकीलाही येईनाशा झाल्या. बायांनो, मासा हाताच्या गुणानं मरत नाही. तो कशानं मरतो ते शोधावं लागतं, आणि नव्या माशांच्या बाबतीत बरीच कारणं पहिल्या दोन-चार दिवसांत आपण त्यांना कसं वागवलं यातच सापडतात. उजेड हे त्यातलं एक.

तुम्ही मिरचीचं, वांग्याचं रोप करता. शेडनेटच्या सावलीत वाढलेलं रोप उचललं आणि भर उन्हात रानात नेऊन लावलं तर काय होतं? दुपारपर्यंत मान टाकतं, पानं पांढरी पडून करपतात. म्हणून आपण लावणीच्या आधी आठवडाभर त्याला थोडं थोडं ऊन दाखवतो, पाणी जरा तोडतो आणि लावतो तेही संध्याकाळी. रोप तेच, माती तीच, ऊनही तेच. फरक फक्त सवयीचा. टाकीतही नेमकं हेच आहे.

आता मासा कसा येतो ते बघा. ऑक्सिजन भरलेली प्लॅस्टिकची पिशवी, ती थर्माकोलच्या खोक्यात, खोक्याला चिकटपट्टी. रात्रभर गाडीत. म्हणजे दहा-बारा तास तो जीव काळोखात आहे, हिंदकळतो आहे, स्वतःच्याच घाणीच्या पाण्यात आहे. सकाळी खोकं उतरलं की आपण सगळ्या गोळा होतो. ट्यूबलाइट लावतो, खोकं उघडतो, पिशवी उजेडाकडे धरून किती आले ते मोजतो, मोबाइलवर फोटो काढतो. माशाला पापण्या नाहीत, हे लक्षात ठेवा. आपण अंधाऱ्या माजघरातून दुपारच्या अंगणात आलो तर डोळे मिटून घेतो, हात आडवा धरतो. त्याला मिटता येत नाहीत. त्याच्या डोळ्यांना उजेडाशी जुळवून घ्यायला आपल्याहून बराच जास्त वेळ लागतो. तो बिथरतो, काचेवर धडका घेतो, कोपऱ्यात दडून बसतो, खात नाही. बिथरलेला मासा रोगाला लवकर बळी पडतो. म्हणून तो त्या दिवशी मरत नाही, चार दिवसांनी मरतो, आणि तोवर पाळी दुसरीची असते.

तेव्हा खोकं येण्याआधीच टाकीवरचा दिवा बंद करा. खोलीतलाही मोठा दिवा नको, दारातून येतो तेवढा उजेड पुरे. खोकं हळूच उघडा. बंद पिशवी तशीच टाकीच्या पाण्यावर पंधरा-वीस मिनिटं तरंगत ठेवा, म्हणजे आतल्या-बाहेरच्या पाण्याची ऊब एक होईल. मग पिशवी उघडून दर पाच मिनिटांनी टाकीतलं वाटीभर पाणी तिच्यात घाला. साधारण अर्धा तास. त्याच्या वर लांबवू नका, कारण लांबून आलेली पिशवी उघडली की तिच्यातली घाण आणखी विषारी व्हायला लागते. मग जाळीनं मासे उचलून टाकीत सोडा. पिशवीतलं पाणी टाकीत ओतायचं नाही, ते नारळाच्या बुंध्यात घाला. त्या दिवशी टाकीवर दिवा नाही, खाणं नाही. दुसऱ्या दिवशी चिमूटभर खाणं आणि तीन-चार तास दिवा. मग रोज तासभर वाढवत आठ तासांवर आणा आणि तिथं थांबा.

रात्री उठून एकदम दिवा लावायची सवयही मोडायला हवी. मासा झोपतो, डोळे उघडे दिसले तरी झोपतो. सकाळी आधी खोलीची खिडकी उघडा, घर झाडा, चहा घ्या आणि मग टाकीचा दिवा लावा. रात्री आधी टाकीचा दिवा बंद करा, मग खोलीचा. पैसा एकही लागत नाही. काही शे रुपयांत प्लगला लावायचा टायमर मिळतो, तो घेतलात तर आणखी बरं. पाळी कुणाचीही असो, दिवा रोज त्याच वेळी लागतो आणि बंद होतो. भांडणाचं एक कारण कमी.

सगळं खापर उजेडावरही फोडायचं नाही. नळाच्या पाण्यातलं क्लोरीन उडालेलं नसेल, टाकी अगदी नवी असून माशांच्या विष्ठेचं अमोनिया मोडणारे जीवाणू तिच्यात तयार झालेले नसतील, किंवा आधीच्या माशांत रोग असेल, तर दिवा कितीही सांभाळला तरी मासे जाणार. नवे मासे निदान दोन आठवडे वेगळ्या टाकीत ठेवायचे हा नियम सगळ्या गटांनी पाळावा असं माझं ठाम मत आहे. जागा नाही असं बऱ्याच जणी म्हणतात. जागा करा. एक मोठा टबही चालतो.

मासे एकवेळ उजेडाशी जमवून घेतात. टाकीतल्या वनस्पतींचं तसं नाही, कारण त्यांचं पोटच उजेडावर आहे. आपले काही गट आता या वनस्पती विकायला लागलेत, तर हे नीट ऐका. अॅमेझॉन स्वोर्ड, क्रिप्टोकोरीन, अॅनुबियस अशा पुष्कळ वनस्पती रोपवाटिकेत मुळं पाण्यात आणि पानं हवेत अशा वाढवलेल्या असतात. तिथं त्या झपाट्यानं वाढतात. आपण आणून त्या पूर्ण पाण्यात बुडवतो. हवेत वाढलेलं पान पाण्याखाली काम करू शकत नाही, म्हणून ते पिवळं पडतं, विरघळल्यासारखं होतं. क्रिप्टोकोरीन तर आठवड्यात जणू नाहीशीच होते. गिऱ्हाईक फोन करून ओरडतं, आणि आपलीच बाई घाबरून रोप उपटून फेकते. उपटू नका. मूळ आणि गड्डा बोटानं दाबून बघा. टणक असेल तर रोप जिवंत आहे. दोन-तीन आठवड्यांत पाण्याखाली जगणारी नवी पानं येतात, ती दिसायलाही वेगळी असतात.

या मधल्या काळात चूक कुठे होते? रोप खराब दिसतं म्हणून उजेड वाढवला जातो. दहा तास, बारा तास. रोपाकडे तो उजेड खायला पानंच नाहीत. मग तो खातं कोण? शेवाळ. काचेवर, दगडावर, उरल्यासुरल्या पानांवर हिरवा, तपकिरी थर चढतो आणि नवी फूट गुदमरते. म्हणून नव्या टाकीला पहिले दोन आठवडे सहा तासच उजेड द्या. नवी पानं दिसू लागली की आठवड्याला अर्धा तास वाढवा, आठ तासांपर्यंत. अॅनुबियस आणि जावा फर्न सावलीतली आहेत, त्यांना दिव्याच्या थेट खाली ठेवूच नका. वॅलिस्नेरियाला जास्त उजेड चालतो. आणि टाकी खिडकीत, थेट उन्हात नको, शेवाळही वाढतं आणि उन्हाळ्यात पाणीही तापतं. सिमेंटच्या टाकीत हिरवं झालेलं पाणी माशांच्या पिल्लांना चालतं, गिऱ्हाईकाच्या काचेला नाही चालत.

अजून एक फरक आपल्या ध्यानात येत नाही. आपल्या शेडमध्ये हिरव्या जाळीखाली, सिमेंटच्या टाकीत मासा मोठा झाला. वरून मऊ उजेड, चहूबाजूंनी काळोखी भिंत. गिऱ्हाईकाच्या घरी तो चारी बाजूंनी काच, वर पांढरा एलईडी, खाली पांढरी वाळू अशा ठिकाणी जातो. म्हणजे आपण केलेलं सगळं तिथं पुन्हा पहिल्यापासून करायला हवं, आणि गिऱ्हाईकाला ते ठाऊक नसतं. यावर एका गटानं चांगली युक्ती केली आहे. पिशवीबरोबर एक चिठ्ठी देतात. मी वाचून दाखवते, हवी तर उतरवून घ्या:

“आज दिवा लावू नका. पिशवी वीस मिनिटं टाकीत तरंगत ठेवा. पिशवीतलं पाणी टाकीत ओतू नका. आज खाणं नको. उद्यापासून चार तास दिवा, आठवड्याभरात आठ तासांपर्यंत. काही वाटलं तर आम्हाला फोन करा.”

खाली गटाचं नाव आणि नंबर. चिठ्ठीचा खर्च झेरॉक्सपुरता. फायदा असा की मासा मेला की गिऱ्हाईक भांडायला येत नाही, आधी विचारायला फोन करतं.

किनारपट्टीच्या गटांना हल्ली एक नवी मागणी येते. हॉटेलवाले विचारतात, “समुद्राच्या पाण्याची टाकी करून द्याल का? आणि त्यात खरं, जिवंत प्रवाळ?” पैसे चांगले सांगतात. आपल्यातल्या काही जणींना वाटतं, समोर समुद्र आहे, ओहोटीला खडकावर प्रवाळ दिसतं, एक तुकडा आणला तर काय बिघडलं?

प्रवाळ म्हणजे आपण दागिन्यात घालतो ते पोवळं नव्हे. लाल पोवळं भूमध्य समुद्रात, खोल, अंधाऱ्या जागी वाढतं, त्याला उजेड लागत नाही. आपल्याकडे उथळ पाण्यात खडकासारखं दिसतं ते प्रवाळ वेगळं. तो दगड नाही आणि वनस्पतीही नाही, तो प्राणी आहे. लहान लहान तोंडांचे असंख्य प्राणी एकत्र राहतात आणि खाली चुन्याचं घर बांधत जातात. त्यांच्या अंगात डोळ्यांना न दिसणारं सूक्ष्म शैवाल राहतं. ते शैवाल उजेडावर अन्न तयार करतं आणि त्यातला मोठा वाटा प्रवाळाला देतं. प्रवाळानं त्याला घर दिलंय, त्यानं प्रवाळाला जेवण. प्रवाळाचा तपकिरी, हिरवट रंगही बराचसा या भाडेकरूमुळेच.

उजेड एकदम वाढला, किंवा पाणी नेहमीपेक्षा तापलं, की हे शैवाल बिघडतं. त्याच्याकडून अन्नाबरोबर प्रवाळाला घातक असे पदार्थ तयार व्हायला लागतात. मग प्रवाळ त्याला अंगाबाहेर काढतं. रंग जातो, आतला पांढरा चुना दिसू लागतो. याला प्रवाळाचं विरंजन म्हणतात. पांढरं पडलं म्हणजे लगेच मेलं असं नाही, पण ते उपाशी आहे. लवकर शैवाल परत आलं नाही तर मरतं. 1998, 2010 आणि 2016 साली समुद्र तापल्यामुळे लक्षद्वीपची प्रवाळं अशी मोठ्या प्रमाणावर पांढरी पडली होती.

अमेरिका, जर्मनी अशा देशांत टाकीतच वाढवलेल्या प्रवाळाचे तुकडे विकत मिळतात, लोक ते घरी पाळतात. ते नवा तुकडा कसा सवयीचा करतात ते ऐकण्यासारखं आहे. तुकडा आधी टाकीच्या तळाशी, दिव्यापासून सर्वांत लांब ठेवतात. खाली पाण्यातून जाताना उजेड कमी होतो ना, म्हणून. काही दिवसांनी थोडा वर, पुन्हा काही दिवसांनी आणखी वर. ज्याला हलवता येत नाही त्याच्यासाठी दिवाच मंद करतात, किंवा वर टांगतात. काही जण टाकीवर डासांच्या जाळीचे तीन-चार थर टाकतात आणि दर चार-पाच दिवसांनी एक थर काढतात. आपल्या शेडनेटचंच तत्त्व. सगळं मिळून दोन ते चार आठवडे जातात. एका वेळी एकच गोष्ट बदलायची. जागाही बदलली, दिवाही वाढवला, तर बिघडलं कशानं ते कळत नाही.

आणि रोज बघायचं. प्रवाळाची तोंडं मिटलेलीच राहिली, रंग फिका पडू लागला, तर उजेड जास्त झाला; लगेच मागे यायचं, पुन्हा खाली. रंग गडद तपकिरी होत गेला तर उजेड कमी पडतोय, शैवाल जास्त उजेड पकडायला धडपडतंय. सगळ्या प्रवाळांना सारखा उजेडही लागत नाही. मऊ अंगाच्या काही जाती मंद उजेडात सुखी असतात. सांबराच्या शिंगासारख्या फांद्यांच्या जातींना कडक उजेड लागतो, पण तोही हळूहळूच. ज्यांच्याकडे उजेड मोजायचं यंत्र, खारं पाणी एकसारखं राखायची सोय, दिवसरात्र वीज असते, त्यांच्याकडेही प्रवाळं दगावतात. आपल्याकडे खडकावरून छिन्नीनं फोडलेला तुकडा बादलीत घालून हॉटेलच्या दिव्याखाली ठेवला तर किती दिवस टिकेल, तुम्हीच अंदाज करा.

आणि हा नुसता टिकण्याचा प्रश्नही नाही. वन्यजीव संरक्षण कायदा 1972 चा आहे आणि 2001 पासून खडक बांधणारी सगळी प्रवाळं त्याच्या पहिल्या अनुसूचीत आहेत. ज्या यादीत वाघ आहे त्या यादीत. समुद्रातून ती तोडणं, बाळगणं, विकणं गुन्हा आहे. मेलेला, वाळलेला तुकडाही विकता येत नाही. हॉटेलवाला “मी बघतो काय ते” म्हणेल, पण तुकडा आणणारी आपली बाई असेल आणि पकडली तर नाव गटाचं जाईल. तेव्हा या मागणीला सरळ नाही म्हणा. टाकी हवी असेल तर गोड्या पाण्याची, दगड-लाकूड-वनस्पतींची करून देतो म्हणा. नीट उजेड दिलेली वनस्पतींची टाकी प्लॅस्टिकच्या प्रवाळापेक्षा कितीतरी देखणी दिसते, हे माझं मत आहे.

मालवणच्या मैत्रिणींना तर वेगळं सांगायला नको. 1987 पासून तिथं सागरी अभयारण्य आहे आणि पर्यटक पाण्याखालचं प्रवाळ बघायला पैसे देऊन येतात. ते प्रवाळ जागेवर असेल तर तुमचं घरगुती जेवण, तुमच्या खोल्या चालतात. विजयदुर्गासमोर खोल समुद्रात आंग्रिया बँक आहे, कान्होजी आंग्र्यांच्या नावाची. किनाऱ्यापासून शंभरेक किलोमीटर आत असूनही तिथं प्रवाळ आहे. कारण पाणी इतकं स्वच्छ, की वीस मीटर खालीही उजेड पोचतो. प्रवाळ हलवायचीच वेळ आली तर ते काम तज्ज्ञ करतात. मुंबईचा किनारी रस्ता होताना 2020 साली वरळी आणि हाजीअलीजवळची प्रवाळं राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेच्या देखरेखीखाली दुसरीकडे नेऊन बसवली. अशा कामात नव्या जागेची खोली, पाण्याचा गढूळपणा, तिथवर पोचणारा उजेड जुन्या जागेशी जुळावा लागतो.

गटासाठी एक काम सांगते. टाकीशेजारी एक वही दोरीनं बांधून ठेवा. नवा माल कधी आला, किती आला, दिवा किती तास लावला, किती मेले, मेले तेव्हा पाणी कसं होतं, एवढंच लिहायचं. लिहिता येत नसेल तिनं रेघा माराव्यात, मुलीला सांगून भरून घ्यावं. महिन्याच्या बैठकीत वही वाचा. ज्या ताईला आपण “गुण नाही” म्हटलं, तिच्या पाळीच्या आदल्या दिवशी टाकीत काय झालं होतं, ते वहीत दिसेल. आणि तिला बैठकीला बोलवायला कुणीतरी तिच्या घरी जा. फोन करू नका, जा.

आता एका गटानं विचारलेला प्रश्न. “आमच्याकडे दिवसभर वीज जाते. संध्याकाळी आली की रात्री दिवा लावून तास भरून काढायचे का?” नाही. वनस्पती एक-दोन दिवस उजेडाशिवाय सहज काढतात आणि माशांना रात्रीचा अंधार हवाच असतो. राहिलेले तास राहू द्या, दुसऱ्या दिवशी नेहमीच्याच वेळी दिवा लावा. वीज गेली की काळजी दिव्याची नाही, हवेच्या पंपाची करायची. बॅटरीवर चालणारा छोटा पंप मिळतो, दाटीच्या टाकीसाठी तो घेऊनच ठेवा. नसेल तर तांब्यानं टाकीतलंच पाणी घेऊन वीतभर उंचीवरून परत टाकीत ओतत राहा, दर दहा मिनिटांनी आठ-दहा तांबे, आणि वीज येईपर्यंत खाणं घालू नका.